कळव्याच्या बांधावरचा गळ

दिवाळीनंतर गोदा नौपाड्याहून माहेरी कळव्याला आली ती नवऱ्याला बजावूनच, की बापाला खाडीवर नेऊन बसवल्याशिवाय मी काही परतणार नाही.

तिच्या बापाचं, धाकूचं, सगळं आयुष्य मिठागरात गेलं, पण जीव अडकलेला गळात. मासे विकायचे नाहीत, हौसेने धरायचे आणि आळीत वाटून टाकायचे, हा त्याचा खाक्या. ठाण्याचे बूटवाले हौशी लोक महागड्या काठ्या घेऊन आले तरी भरती केव्हा हे आधी धाकूला विचारत. श्रावणात त्याचा उजवा हात लुळा पडला आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. भरतीची वेळ कुणी विचारली तर उत्तरही देईना. माणूस असाच विझून जाणार, असं गोदाला वाटायला लागलं.

तिने हातगाडी मागून आणली आणि शेजारच्या भिवाच्या मदतीने बापाला तीत बसवलं. तो नको नको म्हणत राहिला, तिने कानाआड केलं. खाडीच्या बांधावर पोचल्यावर गळाला जिवंत कोळंबी लावली, सूत त्याच्या पायाच्या अंगठ्यावरून घेतलं आणि टोक स्वतः धरलं. मासा लागला की ओळखायचं त्याने, ओढायचं तिने.

पेपरात भरती तीनची होती. तीन वाजून गेले तरी बांधाखालचे दगड उघडेच. गोदाची चुळबुळ सुरू झाली. धाकूने बराच वेळ तिची फजिती पाहिली आणि मग पुटपुटला, "तुजा पेपर मुंबयचा हाय. पानी इथवर यायला टाइम लागतं."

तीन महिन्यांत तो पाण्याबद्दल पहिल्यांदा बोलला होता.

पाणी बांधाला लागलं, थांबलं, आणि अंगठा हलला.

"ओढू नको," धाकू म्हणाला. "गिलू दे त्याला."

पण रिकाम्या हाताने घरी गेलो तर बाप पुन्हा भिंतीकडे वळेल, ही एकच धास्ती तिच्या मनात. तिने घाईने हिसका मारला. हातभर लांबीचा जिताडा पाण्याबाहेर उसळला आणि गळ झटकून निघून गेला.

गोदाने रिकामा गळ ओढून घेतला. धाकू मात्र लालबुंद झाला होता. पोरीच्या हाताला अक्कल नाही, नौपाड्यात राहून पार बिघडली, इथपासून सुरुवात करून त्याने तिच्या सासरच्या सगळ्यांचा उद्धार केला. मागे उभा भिवा तोंड लपवून हसत होता.

घरी पोचेपर्यंत धाकूची बडबड चालूच होती. अंथरुणावर ठेवल्यावर मात्र तो गप्प झाला. गोदा बघत राहिली. तो भिंतीकडे वळला नाही.

"उद्या पानी दोन घटका उशिरा येल," तो म्हणाला. "मना लवकर नेऊ नको. आन् सूत माज्या डाव्या हातात दे."