जंतांचा खोका आणि गीताबाईंवरचा संशय

मित्रांनो, मी थर्माकोलचा एक जुना खोका आहे आणि स्वभावानं संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. पांढरे दाणे वाफेनं फुगवून, साच्यात दाबून मला घडवलं. मग पोटात बर्फ आणि जनावरांच्या लसीच्या बाटल्या भरून एसटीनं सोनपेठला धाडलं. "काय गारवा धरतो हा!" असं जनावरांच्या दवाखान्यातले लोक म्हणायचे. बाटल्या संपल्या आणि त्याच लोकांनी मला मागच्या भिंतीशी फेकलं. तिथं एका शेळीनं माझा कोपरा खाल्ला. तेव्हापासून कुणी माझं कौतुक केलं की मला धडकीच भरते.

एके दिवशी शेळीला लस टोचून घ्यायला आलेल्या सुकेशनी मॅडमनी मला उचललं. "लय कामाचा हाय," असं त्या म्हणाल्या, म्हणून मी लगेच सावध झालो. त्या प्राथमिक शाळेत शिकवतात आणि घरी काचेच्या टाकीत फायटर मासे पाळतात. फायटरची नुकती जन्मलेली पिल्लं सुईच्या टोकाएवढी असतात. त्यांना हलणारा, जिवंत घास लागतो. म्हणून मॅडमनी परभणीच्या एका ओळखीच्या सरांकडून बारीक जंतांची बाटली आणली. घरच्या ज्वारीच्या पिठाचा घट्ट घाटा शिजवला, गार करून माझ्या तळाला पसरला आणि वर चमचाभर जंत घातले. झाकणाला दाभणानं भोकं पाडून मला रांजणाशेजारी ओल्या गोणपाटावर ठेवलं. आमच्याकडे उन्हाळ्यात घरातल्या भिंतीसुद्धा पोळतात आणि जंतांना तेवढी उष्णता सोसत नाही.

घरात मॅडमच्या सासूबाई होत्या, गीताबाई. घाटा आंबल्याचा वास त्यांना दुसऱ्याच दिवशी आला.

"सुकेशनी, शाळेत लेकरांला जंताच्या गोळ्या वाटतीस आन् घरात जंत पाळायलीस?"

"आत्याबाई, हे माशांच्या खायचे हायत. माणसाला काही करत न्हाईत."

"थांब, तुझी ती गोळीच टाकते एखादी ह्याच्यात."

मॅडम हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. रोज दुपारी मॅडम शाळेत असताना गीताबाई यायच्या, माझं झाकण उचलायच्या, वास घ्यायच्या, तोंड वाकडं करायच्या आणि जायच्या. हातात काही आहे का, हे मी डोळ्यात तेल घालून बघत असे. काही दिसलं नाही, पण त्यानं माझा संशय वाढलाच.

चार दिवसांत जंत वाढून माझ्या भिंतींवर चढायला हवे होते. चढले नाहीत. आठवड्यात सगळे मेले. मॅडमनी मला पुसून पुन्हा घाटा घातला, पुन्हा चमचाभर जंत सोडले. तेही मेले. आणि त्याच दिवशी टाकीत फायटरची अंडी फुटली.

साठेक पिल्लं होती. मॅडम उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून थेंब थेंब घालू लागल्या. त्यानं पाणी नासायचं आणि रोज पाच-सहा पिल्लं तळाला पडायची. बाटलीत आता शेवटचा एक चमचा उरला होता. तीन दिवस असे गेल्यावर संध्याकाळी मॅडम सासूबाईंपुढं उभ्या राहिल्या.

"आत्याबाई, खरं सांगा. गोळी टाकली ना तुमी?"

गीताबाईंनी सुनेकडं नुसतं बघितलं. "न्हाई," एवढंच म्हणाल्या आणि त्या रात्री जेवल्या नाहीत. मी मनात म्हटलं, चोरी पकडली गेली की माणूस असाच रुसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दळणासाठी कोठीतून ज्वारी काढत होत्या. मूठ भरली आणि तशाच थांबल्या. मुठीत ज्वारीबरोबर कडुनिंबाचा वाळका पाला होता, चुरा झालेला. त्यांनी मूठ नाकाशी नेली. मग तडक माझ्याकडं आल्या. माझ्या पोटातला सगळा घाटा खरवडून त्यांनी बाहेर फेकला, मला राखेनं घासलं. वाटी घेऊन शेजारच्या दगडाबाईंकडं गेल्या, पीठ आणलं, घाटा शिजवून माझ्यात पसरला आणि बाटलीतला शेवटचा चमचा त्यावर ओतला. मला वाटलं, झालं, आता वंशच बुडवला.

मॅडम शाळेतून आल्या. रिकामी बाटली उचलून त्यांनी उलटी करून बघितली.

"आत्याबाई, हे काय केलं तुमी?"

"ऐक. आपल्या ज्वारीला कीड लागू न्हाई म्हणून मीच कोठीत कडूलिंबाचा पाला घातला होता. न निवडता, न धुता दळण दिलं. जिथं सोंडा-किडा जगत न्हाई, तिथं तुझे जंत कशे जगतील? मेले ते माझ्याच हातानं, सुकेशनी. पण मी मारले न्हाईत."

मॅडमनी सासूबाईंचा पिठानं भरलेला हात धरला आणि त्या रडल्या.

चौथ्या दिवशी सकाळी माझ्या भिंती आतून चमकायला लागल्या. केसाच्या तुकड्याएवढे हजारो जंत वर चढत होते. मॅडमनी ते बोटानं निपटून वाटीतल्या पाण्यात धुतले आणि वाटी सासूबाईंच्या हातात दिली. टाकीत सतरा पिल्लं उरली होती. गीताबाईंनी थेंब सोडला आणि सतराही पिल्लं त्या थेंबावर तुटून पडली.

ते आठवडे हातचे गेले नसते, तर साठ जगली असती. मॅडमनी एकदा विचारलं खरं, पण उत्तर आधीच ठरवून विचारलं. मी तर तेवढंही केलं नाही. नुसता टपून बसलो. कोठीतली ज्वारी रोज माझ्या डोळ्यांसमोरून जात होती आणि मी बघत होतो म्हाताऱ्या बाईचे हात. मला गीताबाईंची माफी मागायची आहे, मित्रांनो, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे. कुणावर उगाच संशय घेतला असेल, तर आजच जा.