अंजूच्या पायाखालचा पाट

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पाट आहे, आणि पाटावर बसायचं असतं. एवढी साधी गोष्ट मला स्वतःच्या तोंडाने सांगावी लागते, यावरूनच माझे दिवस कसे चालले होते ते ओळखा.

निलंग्याच्या एका सुताराने मला घडवलं. चार कोपऱ्यांना पितळेची फुलं ठोकली, पोटाखाली दोन आडव्या पट्ट्या मारल्या, आणि उमाबाईंच्या लग्नात मी त्यांच्याबरोबर उदगीरला आलो. घरी जंगमस्वामी, म्हणजे आमचे लिंगायत गुरू, जेवायला आले की माझ्याभोवती रांगोळी निघायची. "पाट लई देखणा हाय," असं एक स्वामी म्हणाले, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं. पुढे घरात डायनिंग टेबल आलं आणि माझी रवानगी स्वयंपाकघराच्या माळ्यावर, झाकण हरवलेल्या कुकरशेजारी झाली. ते दुःख मी गिळलं. खरा वैताग त्यानंतरचा आहे.

उमाबाईंचा मुलगा राजशेखर. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्याची आडत आहे. मागच्या वर्षी त्याने स्वयंपाकघर नवं करायचं मनावर घेतलं. माप घ्यायला निवृत्ती मिस्त्री आले आणि उंबऱ्यावरच थांबले, कारण उमाबाईंचं स्वयंपाकघर मडीचं. मडी म्हणजे सोवळं. देव तिथे, लिंगपूजा तिथे, त्यामुळे बाहेरच्या माणसाने आत पाऊल टाकायचं नाही, मग तो कामाला आलेला का असेना. शेवटी टेप घेऊन राजशेखरच आत फिरला आणि दाराकडे तोंड करून आकडे सांगत राहिला.

"ओटा किती उंच धरू, मालक?" मिस्त्रींनी बाहेरून विचारलं. "सैपाक कोण करतंय घरात?"

"बायको करती. ती लातूरला गेली, ड्यूटीवर." राजशेखरने आपल्याच कमरेच्या वर आडवा हात धरला. "हितपर्यंत धरा. वाकायचं कामच न्हाई."

मी माळ्यावरून बघत होतो. राजशेखर चांगला ताडमाड माणूस, आणि त्याची बायको अंजू त्याच्या खांद्यालाही पुरत नाही. अरे बाबा, ती संध्याकाळी येईल, तोवर थांब, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण पाटाचं कोण ऐकतो?

काम चालू असेपर्यंत देव मधल्या खोलीत गेले आणि चूल मागच्या पडवीत. धूळ नको म्हणून स्वयंपाकघराचं दार बंद, त्यामुळे अंजूने ओटा पाहिला तो ग्रॅनाइट बसल्यावरच. काळाभोर ओटा, लालभडक दारं, आरशासारखी फरशी. देव परत आले, मडी परत सुरू झाली, पाहुण्यांनी दारातून वाहवा केली. तिथे स्वयंपाक मात्र कुणी करून बघितला नव्हता. ज्वारीच्या पिठाचा डबा सगळ्यांत वरच्या कप्प्यात. मिक्सरचं बटण फ्रिजच्या मागे. गॅस आणि नळ दोन टोकांना, जसं काही दोघांचं बोलणंच बंद आहे. आणि भाकरी थापायची तर वरून हाताचा भार पडावा लागतो, तो पडणार कसा? अंजूचे खांदे कानाला जाऊन टेकायचे.

दुसऱ्या दिवशी तिने मला माळ्यावरून काढलं, ओल्या फडक्याने पुसलं. कुणी स्वामी येणार, या विचाराने मी हरखून गेलो. तिने मला गॅससमोर टाकलं आणि माझ्यावर चढून उभी राहिली.

"अगं, स्वामी बसायचे त्या पाटावर. तू पाय देऊन राहिलीस का?" उमाबाई कळवळून म्हणाल्या.

"काय करू, आत्या? तव्यातलं दिसंना मला."

अंजू लातूरच्या एका लॅबमध्ये नोकरी करते. सकाळची बस चुकली की पगार कापतात. त्याआधी तिला स्वतःचा डबा, बारावीतल्या लेकीचा, सृष्टीचा डबा, सासूबाईंच्या पूजेची तयारी आणि सगळ्यांच्या भाकरी उरकायच्या असतात. माझ्यावरून उतर, नळाकडे जा, परत ये, चढ. संध्याकाळी तिला खांदा वर उचलवत नसे.

"अहो, ओटा खाली घ्यायला सांगा ना," ती नवऱ्याला म्हणायची.

"सवय हुतीय गं," तो म्हणायचा.

त्या दोन शब्दांची मला चीड आहे. सवय कुणाला होणार होती? त्याला तर भाकर थेट ताटात मिळत होती.

आणि जे व्हायचं तेच झालं. एका सकाळी नळाकडून धुतलेली डाळ आणताना फरशीवर पाणी सांडलं. अंजू घाईत माझ्यावर चढली आणि मी घसरलो. मित्रांनो, मला थांबायचं होतं हो. पण त्या आरशावर माझ्या पट्ट्यांना धरायला काही नव्हतं. ती पडली आणि तिचं मनगट मोडलं.

उमाबाईंचे गुडघे गेलेले, सृष्टीची परीक्षा तोंडावर. दुसऱ्या दिवशी तवा राजशेखरने ठेवला. बराच वेळ पिठाशी झटापट करून तो खुशीत म्हणाला, "आई, ओटा तर झकास हाय की. कायबी तरास न्हाई."

प्लास्टरमधला हात सांभाळत अंजू टेबलाशी बसली होती. "हाव," ती म्हणाली. "तुमच्याच मापाचा हाय त्यो."

राजशेखरचा हात पिठातच राहिला. उमाबाईंनी लेकाकडे पाहिलं, मग उंबऱ्याकडे. "निवृत्तीला बोलीव," त्या म्हणाल्या.

मिस्त्री आले आणि नेहमीसारखे दारातच थांबले.

"हातपाय धू आन् आत ये," उमाबाई म्हणाल्या. "तुला भायेर उभं केलं मीच, म्हणून माप ह्यानं घेतलं. पोरीचं हाड मोडलं त्यापायी. आता तिला उभी करून माप घे."

"आई, ग्रॅनाइट फुटंल," राजशेखर पुटपुटला.

"फुटू दे."

मित्रांनो, उद्या तुमच्या घरी ओटा बांधायचा झाला, तर दारांचा रंग नंतर निवडा. जे माणूस तिथे रोज राबणार आहे, त्याला आधी बोलवा, तिथे उभं करा. ते कामावर गेलं असेल तर थांबा. एक संध्याकाळ थांबल्याने कुणाचं काही बिघडत नाही. आणि ते दुखतंय म्हणालं, तर त्याला सवय होईल असं सांगू नका.

अंजू ओट्यापाशी आली आणि न बघताच माझ्यावर चढली. मिस्त्री टेप उघडून खाली बसले होते. ते थांबले.

"वैनी, खाली उतरा," ते म्हणाले. "माप जमिनीपासून घ्यायचं असतंय."

ती उतरली आणि तिने मला पायानेच बाजूला सारलं. पाय लागून मला बरं वाटलं, असं आयुष्यात तेवढं एकदाच झालं.