पांढऱ्या कापडाची गाठ

मला आमच्या रस्त्यावर सगळे शिडी म्हणतात. खरं नाव कुणी विचारलं तर मलाच जरा थांबावं लागतं. काम काय, तर छपरावर चढायचं आणि पन्हाळीतला पाला काढायचा. शहर संपतं आणि झाडी सुरू होते तिथं आमची वस्ती. उन्हाळ्यात एकेका पन्हाळीत पोतंभर वाळका पाला निघतो. वणवा काही दारावर टकटक करून येत नाही. ठिणगी उडते, पाल्यात बसते आणि घर वरून पेटतं. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. लोक म्हणतात, शिडी धंदा वाढवतोय.

रस्त्याचं शेवटचं घर माझ्या ताईचं. मागच्या भिंतीला झाडं टेकलेली. दाजी शिंपी. माणूस सोन्यासारखा, पण हट्ट असा की विजेच्या खांबाला सरक म्हणावं, दाजींना म्हणू नये. आणि एक खोड होती. निघताना मी 'जातो' म्हटलं की हातातली कात्री खाली ठेवायचे.

"जातो काय म्हणतोस, मेहुण्या? येतो म्हण."

"अहो, जातोय तर जातोच म्हणणार ना."

"मग बस इथंच. येतो म्हटल्याशिवाय फाटक उघडायचं नाही."

ताई हसायची. मी चपला अडकवून 'येतो, येतो' करत सुटायचो. वीस वर्षं हेच चाललं.

दोन वर्षांमागं बंबवाल्यांनी नियम काढला. घर रिकामं करून निघालात की फाटकाला पांढरं कापड बांधायचं. कापड दिसलं की बंब तिथं थांबणार नाही, जिथं माणूस असेल तिथं जाईल. अख्ख्या रस्त्याची कापडं दाजींनी फुकट कापून दिली. वर चारी बाजूंनी टीप घातली.

मी म्हटलं, "जळायच्या कापडाला टीप कशाला, दाजी?"

"दोरे लोंबलेलं काम माझ्या हातून जात नाही," म्हणाले.

त्यानंतर तीनदा भोंगा वाजला. तीनदा गाठोडी बांधून पळालो, तीनदा परत आलो, तर घरं जशीच्या तशी. तिसऱ्या वेळी दाजी म्हणाले, "आता आग आली की मला पत्र टाका. मग बघू."

चौथा भोंगा भर दुपारी वाजला, लोक जेवायला बसलेले. वारा असा की तव्यावरून आलाय. टेकडीमागून धूर वर चढत होता आणि त्याच्या पोटात लाल दिसत होतं. मी कुणाच्या तरी छपरावर होतो. उडी मारूनच उतरलो, टेम्पो काढला, थेट ताईकडं.

दाजी पाइप घेऊन छपरावर पाणी मारत होते. अंगणात गठ्ठे. शाळेचे गणवेश, अर्धे शिवलेले, अर्धे नुसते कापलेले.

"आधी हे चढव. लोकांचं कापड आहे."

चढवलं. मग मशीन चढवली. मग ताई पुढं बसली, मांडीवर औषधांची पिशवी. दाजी पाइप टाकून आले, पिशवीत हात घालून काहीतरी चाचपलं, तोंड नीट बंद केलं. मला वाटलं, गोळ्या बघतायत.

"चला, बसा तुम्ही पण."

"कुठं? तुझ्या डोक्यावर? माझी स्कूटर आहे ना. छप्पर भिजवतो जरा."

"छप्पर गेलं खड्ड्यात!"

"पन्हाळ तू साफ केलीयस ना? मग छप्पर कसं जातंय?"

ताई ओरडली, "अहो, चला ना! तमाशा नको."

दाजींनी टेम्पोच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. "निघा. येतो मी."

येतो म्हणाले. मी तेच ऐकलं. मागोमाग येतो.

फाटकातून बाहेर आलो आणि मला वाटलं, हा माणूस घाईत कापड बांधायचं विसरेल. खाली उतरलो आणि फाटकाच्या सळईला बांधलं. मी शिडी टेम्पोला बांधतो तशी, दुहेरी गाठ. वाऱ्यानं सुटायला नको.

सगळ्यांना शाळेच्या हॉलमध्ये ठेवलं होतं. आम्ही दारापाशी बाकावर. फोन लागत नव्हता. एकेक स्कूटर आली की ताई उठायची, परत बसायची. ऊन उतरलं तशी तिनं गोळी काढायला पिशवी उघडली, तर हातात स्कूटरची किल्ली आली.

"ही इथं कशी?" म्हणाली.

मला पिशवीत हात घालणारे दाजी आठवले.

तेवढ्यात बंब आला. त्यातून मास्तर उतरले, आमच्या वरच्या गल्लीतले, अंगावर ओलं ब्लँकेट, तोंडात शिव्या. "मी येत नव्हतो! या चौघांनी कोंबडीसारखा उचलला मला!" भुवया जळाल्या होत्या, बाकी धडधाकट.

मी बंबाच्या ड्रायव्हरला धरलं. "शेवटचं घर? शिंप्याचं?"

"तिथं पांढरं होतं, काका. वळणावरूनच दिसलं. म्हणून तर मास्तरांकडं वळलो."

"तिथं माणूस होता."

तो पोरगेलासा ड्रायव्हर माझ्याकडं बघतच राहिला. "मग कापड कुणी बांधलं?"

ताई माझ्या मागं उभी होती. किल्ली मुठीत. मला खोटं बोलता आलं असतं. वाऱ्यानं कुठून उडून आलं असेल, दाजींनीच बांधलं असेल, काहीही. तोंडापर्यंत आलं होतं.

"मी," म्हणालो.

ती वळली. बाकावर जाऊन बसली, माझ्याकडं पाठ करून.

तिसऱ्या दिवशी आत सोडलं. दाजी नळापाशी सापडले. छप्पर निम्मं उभं होतं. पन्हाळीत एक पान नव्हतं. फाटकावरचं कापड जळून गेलेलं, गाठ तेवढी काळी होऊन सळईला चिकटलेली. नखानं सोडवायला गेलो, सुटेना.

ताई आता भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. राहिलेले गणवेश तिनंच पुरे केले. मी रोज संध्याकाळी जातो, पाणी भरतो, बसतो. ती बोलते, पण कामापुरतं. परवा निघताना सवयीनं तोंडून गेलं, "येतो गं ताई."

मशीनचं चाक थांबलं.

"जातोयस ना?"

"हो."

"मग जातो म्हण."

चपला पायात होत्या, हात दाराच्या कडीवर.

"जातो," म्हणालो.

तिनं चाक फिरवलं.