हिरव्या कापडाच्या दोन बाजू

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे, आणि नाटकाचा तर नव्हेच. बायकांच्या दवाखान्यात तपासणीच्या खाटेपुढे उभा करतात, तो तीन घड्यांचा, चाकांवरचा हिरवा पडदा मी. आता माझा रंग इतका विटला आहे की मला हिरवा म्हणायचे की नाही, असा प्रश्न तुम्हाला पडेल. पण मला माझे आयुष्य आठवते ते हिरव्या उजेडातच आठवते, तळ्याच्या तळाशी पडून वर पाहावे तसे.

माझा लोखंडी सांगाडा एका वेल्डिंगच्या दुकानात जन्मला. मला सहा चाके लावली. त्यातले एक जन्मापासूनच रुसलेले होते. मला उजवीकडे ढकलले की ते डावीकडे जायचे. कापड मात्र दुसरीकडून आले. ते मऊ सुती होते आणि वरखाली दांड्यांत ओवलेले होते. धुवायला काढायचे झाले तर दांड्या ओढून ते सोडवता येई. मित्रांनो, सांगाडा म्हणजे नुसती हाडे. माझा जीव त्या कापडात होता, आणि कापड जिकडे जाईल तिकडे मीही जात असे.

डॉक्टरीणबाईंनी दवाखाना उघडला त्याच दिवशी मी तिथे आलो. तेव्हा त्या तरुण होत्या. एकच मोठी खोली होती. अलीकडे त्यांचे टेबल आणि दोन खुर्च्या, पलीकडे खाट, आणि मधे मी. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन माझ्यावर पडायचे, पंख्याच्या वाऱ्याने मी हळूहळू फुगायचो आणि पुन्हा सपाट व्हायचो. जणू खोलीच झोपेत श्वास घेत आहे.

भिंतीला कान असतात म्हणतात. पडद्याचे तर सगळे अंगच कान असते. टेबलापाशी बसलेल्या बायका विचारले की म्हणत, "तशी बरी आहे." मग डॉक्टरीणबाई उठत आणि म्हणत, "चला, जरा आत तपासते." माझ्यामागे आल्यावर त्याच बाईच्या तोंडून दुसरेच बोलणे निघे. महिन्यातले वीस दिवस अंगावरून जाते म्हणून जिने चढताना धाप लागणारी शिक्षिका मी ऐकली. पाळीच्या दिवसांत कळा इतक्या येतात की बाकावर डोके टेकून परीक्षा दिली, असे सांगणारी शाळकरी मुलगी ऐकली. "एवढं दुखणं म्हणजे बाईच्या जन्माचा भाग नाही," असे डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या. आपले दुखणे खरे आहे, हे तिने पहिल्यांदाच ऐकले असावे.

एकदा एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. बाई तिला विचारत आणि उत्तर ते देत. पाळी कधी आली, दुखते कुठे, भूक लागते का, सगळे त्यांना तोंडपाठ. शेवटी बाई शांतपणे म्हणाल्या, "मग असं करू. खाटेवर तुम्हीच येऊन झोपा." त्या दिवशी पंखा नसता तरी मी हसून हललो असतो.

दर शनिवारी धुण्याच्या मावशी येत. दवाखान्याचे सगळे धुणे त्यांच्याकडे असे. उंच, रुंद खांद्यांच्या, कमी बोलणाऱ्या. त्या दांड्या ओढून मला सोडवत, चादरींच्या गाठोड्यात घालत, आणि मी त्यांच्या डोक्यावरून त्यांच्या घरी जात असे. मागच्या अंगणात दगडी हौद, तीन घमेली, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेल्या चार दोऱ्या. त्यांच्या हातांइतके मला कोणी ओळखत नव्हते. कुठे ठिगळ आहे, कुठे विरलो आहे, हे त्यांना न पाहता कळे.

आणि त्यांचे एक गुपित मला माहीत होते. भरलेली बादली उचलली की त्या मधेच थांबत. आसपास कोणी नाही ना, हे पाहून भिंतीला टेकत, पोटाखाली हात दाबून धरत आणि डोळे मिटून घेत. कधी पालथ्या घमेल्यावर एका बाजूला कलून बसत. कमरेला आतून एक घट्ट पट्टा बांधलेला असे. तो वाळत घालताना त्या वरून इतरांचे कपडे टाकून लपवून ठेवत. आठवड्यातून सहा वेळा त्या दवाखान्याच्या दारावरून जात. आत मात्र गाठोडे घेण्यापुरत्याच येत.

मग त्यांच्या घरी सून आली. शिवणकाम करणारी, बारीक आवाजाची, खळखळून हसणारी. हसता हसता तिला खाली बसावे लागे. वर्ष-दीड वर्षाने तिला मुलगी झाली. त्यानंतरच्या शनिवारी मी अंगणात गेलो तेव्हा दोऱ्यांवर इवलीइवली झबली होती. ते हसणे मात्र ऐकू आले नाही. पुढच्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. शिवणयंत्रावर कापड घातलेले होते, आणि त्यावर धूळ बसली होती.

बाळ सात आठवड्यांचे झाले तेव्हा मावशी सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. बाळ मावशींच्या मांडीवर होते. बाईंनी सुनेला विचारले, "कशी आहेस?"

मावशीच म्हणाल्या, "बरी आहे. जेवण तेवढं करत नाही. आणि जरा हळवी झालीये. होतं असं. कामाला लागली की होईल ठीक."

बाई उठल्या. "चल ग, तपासते."

मित्रांनो, मी डोळ्यांना अडवतो, आवाजाला नाही. एरवी पंख्याची घरघर बोलणे झाकून टाकी. त्या दिवशी नेमकी वीज गेली होती. खोली इतकी शांत होती की बाळाचे चोखणे ऐकू येत होते.

सून खाटेवर आडवी झाली. टाके भरत आले आहेत, असे बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "खोकताना, शिंकताना लघवी होते का?"

"हो." मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "म्हणून मी हसत नाही."

"आणि हसू येतं का?"

सुनेचे डोके माझ्याकडे वळले. तिचा श्वास मला लागत होता.

"बाळाला आंघोळ घालायला भीती वाटते," ती अगदी हळू म्हणाली. "हातातून सुटेल असं सारखं डोळ्यांपुढे येतं. झोपले तरी झोप लागत नाही. ती रडली की मला वाटतं, ही मला ओळखून रडतेय. मी हिच्या कामाची नाही, हे हिला कळलंय."

"स्वतःला काही करावं असं वाटतं का?" बाईंनी भूक लागते का विचारावे इतक्या साधेपणाने विचारले.

"करावं असं नाही. पण कुठेतरी जाऊन झोपावं आणि पुन्हा उठूच नये, असं वाटतं."

बाई दचकल्या नाहीत. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. "हे तू बोलत नाहीयेस, आजार बोलतोय. बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतो आणि बराही होतो. माझ्या ओळखीच्या मनाच्या डॉक्टर आहेत, त्या आजच तुला भेटतील. पण तोवर तुला एकटं ठेवायचं नाही. मावशींना सांगू ना?"

"नको. त्या म्हणतील, आम्ही नाही का पोरं काढली."

माझ्या दुसऱ्या बाजूला मावशी बसल्या होत्या. ते वाक्य त्याच सकाळी त्यांच्या तोंडून निघाले असावे, कारण त्यांचा पाय, जो बाळाला झुलवत होता, तो जागच्या जागी थांबला. मला वाटले, आता त्या उठतील. चिडतील. मला बाजूला सारतील. त्या उठल्या नाहीत. खूप वेळाने त्या माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "बाई, मला ऐकू आलंय. तिला सांगा, मी काही म्हणणार नाही."

खाटेवर सून रडू लागली. बाई माझ्या कडेला येऊन उभ्या राहिल्या, एक हात खाटेकडे, एक हात टेबलाकडे. पुढे काय काय करायचे ते त्यांनी दोघींना एकदमच सांगितले.

त्या शनिवारी मला धुवायला नेले तेव्हा दुपार होती. ऊन पांढरे पडले होते. मावशींनी मला दोरीवर टाकले आणि चिमटे लावले. पलीकडे अंगणातल्या खाटेवर सून बाळाला घेऊन बसली होती. आता तिला कोणी एकटी सोडत नव्हते. तिचा नवरा दुपारची कामे सोडून घरी येई, बाळाची आंघोळ मावशी घालत, आणि औषध सुरू झाले होते. वारा नव्हता. मी त्या दोघींच्या मधे ओला, जड, स्तब्ध लोंबत होतो, आणि माझ्यातून येणारे ऊन दोघींवर हिरवे पडले होते.

"अगं," मावशी माझ्या अलीकडून म्हणाल्या. "मलाही होतं."

"काय होतं, आई?"

"ते शिंकताना. आणि आणखीही. माझं अंग बाहेर येतं." त्यांनी माझी कड चिमटीत घट्ट धरली होती. "तुझ्या नवऱ्याच्या जन्माच्या वेळचं आहे. तिसऱ्या दिवशी ओल्या चादरी पिळायला बसले होते मी. पट्टा बांधून चालवते."

"किती वर्षं झाली?"

"त्याचं वय मोज."

"सव्वीस?" पलीकडे सून उठून उभी राहिली. तिची सावली माझ्यावर पडली, बाळासकट. "आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"कुणाला सांगणार? सासू म्हणाली होती, आम्ही नाही का पोरं काढली."

माझ्या खालच्या काठावरून पाणी टपटपत होते. मग सून म्हणाली, "सोमवारी मला बोलावलंय. तुम्ही पण चला. मी टेबलापाशी बसेन."

मावशी म्हणाल्या, "या वयात मी खाटेवर झोपू? लोक हसतील."

"हसू देत. मी हसायची थांबलेय, कुणीतरी हसायला हवंच ना."

सोमवारी धुण्याच्या मावशी प्रथमच माझ्या आतल्या बाजूला आल्या. त्या खाटेवर आडव्या झाल्या. त्यांनी माझ्या ठिगळावर बोट ठेवले आणि तपासणी संपेपर्यंत ते काढले नाही.

"गर्भाशय खाली सरकलंय, मावशी," बाई म्हणाल्या. "त्याला धरून ठेवणारे स्नायू सैल पडलेत. आत एक मऊ कडी बसवू, ती आधार देईल. व्यायाम सांगते. बादल्या उचलणं बंद. पुढे वाटलं तर ऑपरेशनही आहे. फार आधी यायला हवं होतंत."

"दारावरून रोजच तर जात होते," मावशी म्हणाल्या.

बाई पाठमोऱ्या झाल्या आणि बराच वेळ हात धूत राहिल्या. सव्वीस वर्षे नव्हे, पण चौदा वर्षे त्या मावशींच्या डोक्यावर गाठोडे देत आल्या होत्या. त्यांनी हात पुसले आणि म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी कधी विचारलंच नाही."

कडी बसली. मावशी खोलीत चार पावले चालल्या, मग दारापर्यंत, मग परत. टेबलापाशी येऊन त्या सुनेला म्हणाल्या, "अगं, काहीच नाही होत. चालतेय आणि काहीच नाही होत." त्या शनिवारपासून गाठोडे हातगाडीवरून जाऊ लागले.

सून मात्र एका दिवसात बरी झाली नाही. मित्रांनो, मनाचे टाके दिसत नाहीत, म्हणून ते कधी भरले हेही कळत नाही. दोन शनिवार बरे जात, तिसरा पुन्हा कोमेजलेला. पाचव्या महिन्यात शिवणयंत्रावरची धूळ गेली. दोघी सासवा-सुना खाटेवर बसून एकदम व्यायाम करत, श्वास धरत, आकडे मोजत. एका दुपारी मोजताना मावशी अकराच्या पुढे पुन्हा नऊ म्हणाल्या आणि सून हसली. हसता हसता खाली बसली. "थोडीशी झाली," ती म्हणाली, आणि तरी हसतच राहिली. मी दोरीवर होतो. तेव्हा वाराही आला.

त्यानंतर पुष्कळ वर्षे गेली. दवाखाना मोठा झाला. आता तपासणीच्या खोल्यांना दारे आहेत, बोलणे बाहेर जात नाही. हे चांगलेच झाले, मी त्याबद्दल कुरकुर करत नाही. मला मागच्या सामानाच्या खोलीत ठेवले आहे. शेजारी मोडक्या खुर्च्या आणि सलाइन लावायचे गंजके स्टँड आहेत. कोणी मला धुवायला नेत नाही. धूळ पडत राहते आणि मी अर्धवट झोपेत असतो.

पण मित्रांनो, मला तुम्हाला एक सांगायचे आहे. हल्ली रोज दुपारी या खोलीत फरशी पुसणारी बाई येते. पन्नाशीच्या आसपासची असेल. ती दार नुसते लोटते, माझ्यामागे पालथ्या बादलीवर बसते, पोटाशी हात आवळून पुढे वाकते. घड्याळाकडे पाहत दहा मिनिटे मोजते, मग तोंडावरून हात फिरवते आणि बाहेर जाऊन म्हणते, "आले, आले."

बाहेर दवाखाना भरलेला आहे. डॉक्टर आहेत, नर्स आहेत, औषधे आहेत, तिच्या घरी तुमच्याएवढी मुलेही असतील. दाराला कडी लावलेली नाही. मला हाक मारता येत नाही. तुम्ही कोणीतरी दार ढकला, आत या, तिच्याशेजारी खाली बसा, आणि तिला विचारा. ती पहिल्यांदा "काही नाही" म्हणेल. तरी उठू नका.