साळुबाई थांबेनात

त्या शुक्रवारी आणे गावात सोमाजींच्या पडवीपुढं शे-दीडशे माणसं जमली होती आणि सगळी एका शिवणयंत्राकडं डोळे लावून बसली होती. सोमाजींनी भिंतीवरचं बटण दाबलं. मशीनला कुणी हात लावला नव्हता. तरी ते आपोआप खडखडखड सुरू झालं. "आली! साळुबाई आली!" असा एकच गलका उठला. पुढच्या दोघी घुमायला लागल्या. तिसरीही घुमणार होती, पण तिच्या पायावर कुणाचा तरी पाय पडला आणि तिनं घुमणं सोडून भांडण काढलं.

मी संपत. शेजारच्या बेल्ह्यात माझं जळक्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान आहे. हे मशीन दुरुस्त करायला महिन्यापूर्वी मलाच बोलावलं होतं आणि मी तोंडावर आपटलो होतो, हे आधीच सांगून टाकतो.

मशीन होतं गोधड्या शिवायचं. बारा फुटी लोखंडी चौकटीवर कापड ताणायचं, मधे मेंढीच्या लोकरीचा थर द्यायचा आणि मशीनच्या दोन मुठी धरून ते रुळांवरून कापडभर फिरवायचं. मुठीवरचं बटण दाबलं की टाके सुरू, पुन्हा दाबलं की सुई वर येऊन बंद. बचत गटानं ते घेतलं, पण चालवायची सोमाजींची सून निर्मला एकटीच. ती पुण्याला पंधरा दिवस राहून शिकून आली होती. बाकीच्यांना त्या मशीनकडं बघूनच घाम फुटायचा.

दसरा झाला आणि मशीन थांबेना. बटण दाबा, थोपटा, शिव्या द्या, ते एकाच जागी टाके घालत बसे आणि कापडावर दोऱ्याचा लिंबाएवढा गोळा होई.

आता साळुबाई म्हणजे निर्मलाची सासू, दोन वर्षांमागं वारलेली. जन्मभर हातानं गोधड्या शिवल्या. ओळ पुरी झाल्याशिवाय सुई खाली ठेवायची नाही, मग दारात पाहुणा ताटकळला तरी चालेल, असा तिचा खाक्या. मशीन पहिल्यांदा बिघडलं तेव्हा सुईखाली नेमकं तिचंच जुनं लुगडं होतं. गावानं दोनात दोन मिळवले आणि उत्तर बावीस काढलं.

मी जाऊन बटण बदललं, वायर बदलली, बोर्डही तपासला. फरक शून्य. "संपतरावाला जमंना म्हंजी ते माणसाचं काम न्हाई," असं ठरलं. माझं अपयश हाच साळुबाईचा पहिला पुरावा.

मग एका शुक्रवारी आले फुंकरबाबा. कुठले ते कुणालाच ठाऊक नाही. जीप मात्र वातानुकूलित होती.

"ये आत्मा है, आत्मा!" बाबा गरजले. "मायेचा धागा हाय, कर्माची सुई हाय, आन् बॉबिनमधी सात जन्मांचं पाप गुंडाळलंय! बॉबिन कुणी भरली?"

"मी," निर्मला म्हणाली.

"बघा! सुनंनं भरली!" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. जणू बॉबिन भरायला जावई बोलवायची रीत होती.

बाबा मशीनच्या मागं गेले, झाकणाच्या जाळीला तोंड लावून तीन जोरदार फुंकरा मारल्या आणि मशीन थांबलं. खोटं कशाला बोलू, मी डोळ्यांनी बघितलं. मग बाबांनी प्रसन्न होऊन झोळीतला मूठभर भंडारा मशीनवर उधळला, निर्मलानं मशीनला शिवायचं नाही असं बजावलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी दर्शनाला माणसं आली, भिंतीवरचं बटण दाबलं, साळुबाई पुन्हा हजर. असे तीन शुक्रवार झाले. दोऱ्याचे गोळे प्रसाद म्हणून वाटले गेले. एकानं तर तो सुरू न होणाऱ्या ट्रॅक्टरला बांधला. न थांबणाऱ्याचा प्रसाद न चालणाऱ्याला, एवढा हिशोब त्यानं बरोबर केला होता.

सुरुवातीला सांगितला तो हा चौथा शुक्रवार. बाबांबरोबर टेम्पोही आला होता.

"साळुबाई सुनंवर रुसलीय," बाबा म्हणाले. "हिचा हात लागतोय तवर तिला मुक्ती न्हाई. मशीन मठात न्यावं लागंल."

सोमाजी रडायला लागले. "निर्मला, तुज्या सासूचा जीव अडाकलाय. सोड गं बाई ते मशीन."

मशीन गेलं की निर्मलाला पुन्हा लोकांच्या कांद्यात खुरपायला जावं लागणार होतं, वर सासूला छळलेली सून म्हणून जन्मभराचं नाव. पण ती खचली नाही.

"मामंजी, शेवटची चार वरसं आत्याबाईंना मी उचलून न्हाऊ घातलंय. त्या रुसल्या असत्या तर मला तोंडावर बोलल्या असत्या. मशीनला कशाला सांगतील?" मग ती बाबांकडं वळली. "बाबा, तुमी फुकता ते कुठं?"

"आत्म्यात!"

"आत्मा मागच्या जाळीतच ऱ्हातो का? म्होरून फुका की."

लोक हसले. आता माघार घेता येईना. बाबांनी समोरून फुंकलं, मुठींवर फुंकलं, बॉबिनवर फुंकलं. तोंड बीटासारखं लाल झालं, मशीन काही बधेना.

निर्मलानं सायकलचा पंप आणला आणि शेजारच्या शीलाच्या हातात दिला. "जाळीत मार."

शीलानं चार दणके मारले. जाळीतून पिवळा धुरळा उडाला आणि मशीन गपकन थांबलं.

"साळुबाई पंपाला भ्याली?" मागून कुणीतरी विचारलं.

"पंपात माझी शक्ती उतरली!" बाबा ओरडले.

"उतरू द्या," म्हणत निर्मला आत गेली आणि वाटीभर बेसन घेऊन आली. मूठभर बेसन तिनं जाळीत झोकलं. तिनं भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं, आणि मशीन खडखडखड!

"बाबा, हा भंडारा न्हाई, पिठल्याचं पीठ हाय. ह्यात कोण आलंय?"

पंप मारला, थांबलं. बेसन टाकलं, सुरू. तिसऱ्या वेळी बाबांच्या टेम्पोवाल्यानंच हौसेनं पंप मागून घेतला.

मी पुढं होऊन मागचं झाकण उघडलं. आत एक चकती फिरते, तिला एक फट असते. एका बाजूला बारीक दिवा, दुसऱ्या बाजूला त्याचा उजेड टिपणारा डोळा. भिंतीवरचं बटण दाबलं की मशीन आधी सुई वर घ्यायला फिरतं. फटीतून उजेड आला की त्याला कळतं, सुई वर आली, आता थांबायचं. फटीत भंडारा बसलेला. उजेडच येईना, म्हणून बिचारं सुई वर आली का ते शोधत गरगरत होतं.

"बाबा फुकून गेले की थांबतंय, भंडारा उधळून गेले की सुरू व्हतंय," निर्मला म्हणाली. "पर पयला भंडारा कुणी टाकला?"

सोमाजींनी मान खाली घातली. "खंडेनवमीला म्या टाकला. कातरीला, इळ्याला, मोटारीला एक-एक मूठ. तुजं मशीन म्हणून दोन मुठी टाकल्या गं."

निर्मलाला तेव्हा कुठं रडू आलं. टेम्पो रिकामाच आळेफाट्याकडं गेला. बाबा त्याच्याही आधी निघाले होते.

आता माझंही सांगतो. पहिल्याच दिवशी मला ती जाळी पिवळी झालेली दिसली होती. कुठल्याही मोटारीची मी आधी धूळ झाडतो. पण देवाचा भंडारा पुसायला माझा हात धजावला नाही, आणि हे मी कुणाला बोललोही नाही. बाबाचा शिरकाव झाला तो त्यानंतर.

म्हणून हात जोडून सांगणं आहे. भंडारा कपाळाला लावा, मशीनला नको. काही बिघडलं तर ते कधीपासून आणि त्याआधी काय केलं, एवढं आधी विचारा. आणि धूळ दिसली तर पुसा, मग ती कुणाच्याही नावाची असो. मी ती पुसली असती तर निर्मलाला महिनाभर स्वतःच्या घरात चेटकिणीसारखं राहावं लागलं नसतं.