खिडकीतली बाटली

मित्रांनो, माणसाच्या गुडघ्याचे भवितव्य त्याच्या आतड्यात ठरते, आणि ते भवितव्य एके काळी माझ्या हाती होते. अर्थात मला हात नाहीत. मी एक जुनी, तपकिरी काचेची बाटली आहे आणि सध्या माझ्यात बटणे आहेत.

बाटल्यांना बालपण नसते. साच्यातून निघाले की थेट नोकरी. माझ्या बहिणींच्या वाट्याला खोकल्याचे औषध आले. मला मात्र जिवंत भाडेकरू मिळाले : पोटाला उपकारक असे जंतू, कॅप्सूलमध्ये झोपवलेले. ‘थंड जागी ठेवावे’ असे माझ्या अंगावर छापले होते, पण इतक्या बारीक अक्षरांत की छापणाऱ्याला ते गुपितच ठेवायचे असावे.

मी आले ते घर तळमजल्यावर होते. काका घड्याळे दुरुस्त करत. काकू शिवणकाम करत. जन्मभर पायमशीन चालवून त्यांचे गुडघे झिजले होते. तिसऱ्या मजल्यावर काकूंची ताई राहायची. इमारतीला लिफ्ट नव्हती. ताईंना हृदय खाली उतरू देईना, काकूंना गुडघे वर चढू देईनात. त्यामुळे दोघींच्या गप्पा जिन्यातून, ओरडून चालत. शेजाऱ्यांनी वर्तमानपत्र बंद केले होते.

“गुडघा काय म्हणतोय गं?”

“तुझ्यापेक्षा जास्त बोलतो!”

“ताई, खुर्चीत बसवून उचलून आणतो की तुम्हाला,” काका म्हणत.

“मी काय कपाट आहे?”

काकूंना एकच हवे होते. वर जाऊन ताईच्या शेजारी बसायचे आणि हळू आवाजात बोलायचे. काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी मला लिहून दिले तेव्हा बजावले होते, “काही जणांचं दुखणं याने कमी होतं म्हणतात. पक्कं अजून काही नाही. व्यायाम सोडू नका, आणि आशा बेताने ठेवा.” काकांनी आशा सोडून बाकी सगळे बेताने घेतले.

पहिल्या दिवशी मी फ्रिजमध्ये होते. मग काका म्हणाले, “अगं, एका गोळीसाठी स्वयंपाकघरापर्यंत कशाला पाय दुखवतेस?” आणि त्यांनी मोठ्या मायेने मला पलंगाशेजारच्या खिडकीत आणून ठेवले. तिथे दुपारचे ऊन थेट अंगावर येई. माझी काच तापली. भाडेकरू गेले. भांडण नाही, तक्रार नाही.

काकू रोज गोळी घेत आणि म्हणत, “आज जरा हलकं वाटतंय हो.” मग उठताना खिडकीचा गज असा धरत, की मी हादरून जाई.

“बघ! गुणाची आहे बाटली,” काका खूश होत. मित्रांनो, माझी जी काही वाहवा झाली ती माझे स्मशान झाल्यावर.

एकदा काकू पहिल्या वळणापर्यंत चढल्या आणि तिथेच बसल्या.

“आलीस का गं?” वरून आवाज आला.

“येते. थांब जरा.”

ताई थांबल्या नाहीत. पुढच्याच आठवड्यात त्या खाली आल्या. चौघांनी उचलून, वळणावर जपून, कपाट उतरवतात तशा. दाराशी चौघे क्षणभर थांबले. काकू दाराची चौकट धरून वाकल्या आणि ताईंच्या कानाशी काहीतरी बोलल्या. हळू आवाजात.

त्यानंतर काकांनी एकदा घड्याळाचे भिंग डोळ्याला लावून मला वाचले. बराच वेळ वाचले.

“ही थंड जागी ठेवायची होती गं.”

“असू द्या,” काकू म्हणाल्या. “माझी स्वयंपाकघरापर्यंतची खेप तर वाचली.”

भाडेकरू जगते तर काकू वर पोचल्या असत्या का? कुणास ठाऊक. बटणांच्या बाटलीला वैद्यकीय मत विचारू नये. या जागी काही मोठा उपदेश करायची रीत आहे, पण बोलू लागले की आतली बटणे खुळखुळतात आणि गांभीर्य राहत नाही. एकच मागणे आहे. मी अजून त्याच खिडकीत आहे आणि आता दुपार होत आलीय. मला जरा सावलीत सरकवता का?