तळाला न लागलेलं जाळं

तळाच्या नावानं गळा काढणाऱ्यांनो, आधी एवढं सांगा. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की त्याच तळ्यातली माती जेसीबीनं ओरबाडून डंपर भरले जातात, तेव्हा हुकूम काढणारी तुमची बोटं कुठं असतात? तेव्हा तळ दुखत नाही. तानाबाईचं जाळं त्याच्यावरून सरकलं की मात्र त्याचं विव्हळणं तुमच्या एसीतल्या कानांना बरोबर ऐकू येतं. 'ओढीच्या जाळ्यामुळे तळातील अंडी व पिल्ले नष्ट होतात, सबब सदर जाळे बंद.' झालं. एका 'सबब'नं सगळ्या भोईवस्तीच्या चुली विझवल्या.

बरं, हुकमात लिहिलेलं खोटंही नव्हतं, गोची तिथंच होती. जाळ्याच्या खालच्या दोराला शिशाचे मणी ओवलेले असतात. त्या वजनानं दोर तळ खरवडत येतो. माशांनी तळात केलेली घरटी, पाणगवत, बोटाएवढी पिल्लं, सगळं गाळाबरोबर उपसून वर येतं. मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष तानाबाई हे कबूलच करायची. "आमी काय आंधळे न्हाय," ती मत्स्यखात्याच्या कार्यालयात साहेबांना म्हणाली होती, "पर उपाय सांगा की. बंदी कुनीबी घालतंय."

साहेब हसले होते. "तळाला न लागणारं जाळं दाखवा. बंदी उठवतो."

हसण्यावारी बोललेलं ते तानाबाईनं पदराला गाठ मारून आणलं आणि ती थेट भवानी पेठेत शेखलालच्या दारात आली. शेखलाल टॉवेलच्या मागांचा जॉबर, म्हणजे बिघडलेले माग सुरू करून देणारा माणूस. तानाबाईचा मुलगा सयाजी त्याच्याच शेडमध्ये कामाला होता, तेवढी ओळख.

"भाऊ, धागा तुटू न देता माग चालीवता तुमी. माझं जाळं तळाच्या हातभर वर चालवा की."

"अक्का, माग जमिनीला बोल्ट मारून बसवलेला असतोय. तुमचं जाळं पाण्यात नाचतंय."

"नुस्तं नाचवायचंच असतं तर बँडवाल्याकडं गेले असते. तुमच्याकडं कशाला?"

शेखलाल हसला आणि तिथंच अडकला. रात्रंदिवस तेच डोक्यात. मागावर ताणा, म्हणजे उभं सूत, जास्त ओढला गेला की मागच्या बाजूचा सुताचा रूळ, बीम, आपोआप फिरून सूत सैल सोडतो, कुणी सांगावं लागत नाही. मग जाळ्याला का नको? जाळं तळाला घासलं की दोर जड ओढणार. जड ओढला की मोटर फिरणार, खालचा दोर हातभर उचलणार. हलका झाला की पुन्हा सोडणार. भंगारातल्या गाड्यांच्या वायपरच्या मोटरी, मोडक्या मागाच्या स्प्रिंगा, जुनी बॅटरी. दोन होड्यांवर दोन यंत्रं उभी राहिली.

त्याची मुलगी सबा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होती. तिनं सगळं फिरून बघितलं आणि नाक मुरडलं. "अब्बा, तान नक्को. अंतर नापेंगे. दोराला सेन्सर बांधू, तळ किती लांब हाय ते त्योच सांगंल."

"सारी उमर ताण्यावर हात है मेरा. ताणा झूट नहीं बोलता."

"तुमचा ताणा सुताचा हाय, अब्बा. ये पानी है."

"तू तेरी परीक्षा दे," शेखलाल म्हणाला. तिनं हात झटकले, पण बॅटरीच्या वायरी मात्र तिनंच जोडल्या.

तळ्यात चाचण्या झाल्या. पण बंदी होती ना! मासा धरला तर गुन्हा. म्हणून जाळ्याच्या मागची, मासा साठायची खोळ उघडी सोडून ठेवायची, आत आलेला मासा मागून निघून जायचा, आणि रिकामं जाळं ओढायचं. रिकामं जाळं झकास चाललं. चढावर उचललं, खड्ड्यावर उतरलं. होडीतून सयाजी ओरडला, "शेखमामा, ह्ये तर शानं जनावर निगालं!" शेखलालला त्या रात्री जेवण गोड लागलं.

मग साहेब आले. जीपमधून आधी साहेब उतरले, मागून ड्रायव्हरनं थर्माकोलचं रिकामं खोकं उतरवलं. तानाबाईनं खोक्याकडं बघितलं, मग साहेबांकडं. आज खोळ बांधायची परवानगी होती.

एका होडीत शेखलाल आणि सयाजी, दुसरीत सबा आणि वस्तीतला एक नावाडी. काठावर अख्खी वस्ती. जाळं पसरलं, होड्या निघाल्या. शेखलालनं सवयीनं दोरावर बोटं ठेवली. दोर बोलत होता. हलका, हलका, मग थोडा जड, मोटर कुरकुरली, दोर वर, पुन्हा हलका. अगदी मागासारखं.

आणि मग कटला माशांची झुंड जाळ्यात शिरली.

बंदीत माजलेला मासा. खोळ भरली तसा दोर जड झाला. मोटर फिरली. दोर हातभर वर. तरी जडच. आणखी हातभर. आणखी. शेखलालनं दोर पुन्हा चाचपला. मागावर सूत ओढलं जातं, पण ते कधी आपल्या आपण भरत नाही. जाळं भरतं! त्याच्या यंत्राला मासा आणि तळ यांत फरकच कळत नव्हता. आणि हे कळायला जाळं एकदा तरी भरायला हवं होतं.

"सबा! बंद कर! बंद!"

तिनं तिकडची वायर उपटली, त्यानं इकडची, पण तोवर खालचा दोर पार वर आला होता आणि मासे त्याखालून, लग्नातनं जेवून निघालेल्या पाहुण्यांसारखे, निवांत निघून चालले होते.

काठाशी जाळं उचलून वर घेतलं तेव्हा आत मूठभर चिलापी मासे तडफडत होते. कुणीतरी फिस्सकन हसलं. ड्रायव्हरनं थर्माकोलच्या खोक्यावर झाकण घातलं.

"हे काय?" साहेबांचा चेहरा उतरला. "मासे कुठायत? एवढ्यासाठी आम्हाला उन्हात आणलं? यंत्र निकामी आहे. बंदी कायम."

शेखलालला वाटलं, पाण्यातच बसून राहावं. तो तानाबाईपुढं गेला. "अक्का, माझी चूक झाली. पोरीनं सांगितलं होतं, मी ऐकलो न्हाय. तुमच्या वस्तीचं वाटोळं केलं मी."

"गप बसा, भाऊ. मासा काय पुण्याला गेला का? तळ्यातच हाय की."

सबा बापाशेजारी येऊन उभी राहिली. बोलून दाखवायची हीच वेळ होती, पण तिनं दाखवलं नाही. "सेन्सर लावू, अब्बा. मोटर तीच, होडी तीच. लेकिन तळ्यात उतरू दिलं पायजे."

उतरू दिलं पायजे. शेखलाल जाळं गोळा करायला वाकला. हाताला काम दिलं की मन जरा थाऱ्यावर येतं. खालचा दोर त्याच्या बोटांतून सरकू लागला, गाठ शोधत सूत सरकतं तसा. एक मणी, दुसरा, हातभर दोर, आणखी. बोटं थांबली. त्यानं तळहात उलटा करून बघितला. पुन्हा दोर ओढला, पार टोकापर्यंत.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "गाळ न्हाय."

तानाबाईनं दोर हातात घेतला. शिशाचे मणी धुऊन ठेवल्यासारखे. पाणगवताचा एक तुकडा नाही. ती सरळ जीपकडं चालू लागली, दोर हातात उचलून धरलेला, मागून ओलं जाळं फरफटत. साहेब घाम पुसत होते. तिनं त्यांच्या हातातला पांढराशुभ्र रुमाल काढून घेतला, दोरावरून खसाखसा फिरवला आणि त्यांच्यापुढं उलगडून धरला. रुमाल ओला होता, तेवढंच.

"अहो बाई! काय चाललंय हे?"

"मासं मी मागितलं न्हवतं, सायेब. तुमीबी मागितलं न्हवतं. तुमी काय म्हनला हुता?"

"ते... पण उपयोग काय? जाळ्यात मासाच येत नसेल तर..."

"त्यो आमच्या पोटाचा सवाल. आमी सोडवू. ही पोरगी सोडवंल."

"यंत्र फेल गेलंय, मी सगळ्यांसमोर पाहिलंय. चला, गाडी काढा."

ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. शेखलाल जीपच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. दोन्ही हात बॉनेटवर टेकलेले, कपड्यांतून पाणी निथळतंय.

"माझं यंत्र फेल, सायेब. लिहा, सही मी करतो. पण तुम्ही तळ बघायला आला होता. आता तेवढं सांगा आणि जावा. जाळं तळाला लागलं का न्हाय?"